बुटाची टोकं

आर्मास आला तो कापडी पिशवी घेऊन.
म्हटलं, धातूचं काही आत न्यायचं नाही,
घड्याळ, पट्टा, खिशातला चाकू, सगळं इथे.
त्यानं पिशवीतून बुटांचे तीन जोड काढले
आणि बाकावर ओळीनं मांडले.
"आजोबांचे. वडलांचे. माझे.
आधी हे बघा, मग तुमचं यंत्र."

टाचा जवळजवळ कोऱ्या.
टोकं झिजून कागद झालेली,
तिन्ही जोडांत उजवं जास्त.

क्यूरो नदीकाठच्या त्याच्या गावात
विल्हो नावाचा चांभार होता.
टोकावर चामड्याचा दुसरा थर ठोकायचा,
त्याचे वेगळे पैसे घ्यायचा नाही.
वहीत लिहायचा: उजवं टोक, परत.
खाली पुढच्या वर्षी: उजवं टोक, परत.
म्हणायचा, या घरातली माणसं
जमिनीला विचारत विचारत चालतात.

मी माझ्या पद्धतीनं सुरुवात केली.
टाचांवर चाला.
तो उभा राहिला, तोल सावरायला हात पसरले,
चवडे जमिनीला धरूनच राहिले.
सदुसष्ट वर्षांचा माणूस,
हिवाळ्याचं सरपण अजून स्वतः फोडतो,
आणि आपल्याच पायांकडे बघत होता
हाक मारूनही मागे न वळणाऱ्या कुत्र्याकडे बघावं तसा.

मग पावलावर माझा तळवा. उचला, मला ढकला.
डावा, तीन.
उजवा, दोन. दोनापुढे अधिकचं चिन्ह काढलं,
खोडलं.
पाचापैकी गुण देताना मला दर वेळी लाज वाटते.
अभ्यास केला नाही म्हणून थोडेच कमी पडलेत.

चाळीस मिनिटं तो त्या नळीत पडून होता
आणि माझ्यासमोर त्याच्या पोटऱ्यांचे काप येत गेले,
एकामागून एक, गुडघ्यापासून घोट्यापर्यंत.
इथे गुण उलटे: स्नायूत चरबी किती, शून्य ते चार,
जितके जास्त तितकं वाईट.
नडगीच्या पुढे, जिथे काळसर पाचर हवी, तिथे पांढरं.
उजवीकडे सगळंच पांढरं. चार.
मागची पोटरी धडधाकट, अगदी तरण्या पोराची.
आणि पावलाच्या पाठीवरचा तो चिमुकला स्नायू,
जो कुणाच्या हिशेबात नसतो,
शाबूत.
याच खुणेवरून हा आजार ओळखतात इकडे.
मोठा भाऊ घर सोडून गेला
आणि धाकटा अजून रोज दिवा लावतोय.

बाहेर आल्यावर त्याला पडदा दाखवला.
चुकून बोलून गेले, बर्फ पडल्यासारखं दिसतं ना.
"बर्फ एप्रिलात जातो," आर्मास म्हणाला.
"हे राहायला आलंय."

मग मी सांगायचं ते सांगितलं.
शरीरातलं सगळ्यात लांब प्रथिन,
त्याचं लांबलचक टिपण,
आणि अगदी शेवटच्या पानावर
अकरा अक्षरं बदललेली.
चालणं बहुधा शेवटपर्यंत राहील.
घोट्याला पट्टी मिळेल, टोक अडकणार नाही.
त्यानं विचारलं, अकराच?
म्हटलं, अकराच.
"विल्होला एक ओळ पुरायची."

फॉर्ममध्ये बुटांसाठी रकाना नव्हता.
मी समासात लिहिलं:
तीन पिढ्या, उजवं टोक.
वरिष्ठ विचारतील, हे कोणतं माप.
विचारू देत.

त्याची मुलगी साइला न्यायला आली होती.
चौतीस वर्षांची, पार्किंगच्या पावतीची घाई.
आईबापांपैकी एकाला असलं की
मुलाला असण्याची शक्यता निम्मी.
हे तिला माहीत होतं.
मला माहीत होतं की तिला माहीत आहे.
तिनं विचारलं नाही, मीही विषय काढला नाही.
बापाला कोट चढवला,
बूट एकेक करून पिशवीत भरले,
आजोबांचे सगळ्यात शेवटी.

मग दाराशी खाली वाकून
आपल्या उजव्या बुटाची नाडी बांधू लागली.
नाडी बांधलेलीच होती.
अंगठा हळूच पुढे सरकला, टोकावर,
आणि तिथेच थांबला.